जड बाजू मामाची

आजोबांची नजर गेली तेव्हा मी सातवीत होते. ते एकटेच राहायचे आणि तसंच राहायचा त्यांचा हट्ट होता. फोन लावायला शेजाऱ्यांच्या पाया पडणार नाही, म्हणायचे. पण काचेच्या गुळगुळीत फोनवर त्यांच्या बोटांना काहीच सापडेना.

मामा यंत्रं डिझाइन करायचा. त्या सुट्टीत त्याने मला वर्कशॉपमध्ये बसवलं आणि पडदा फुटलेला एक फोन हातात दिला.

"डोळे मीट. लाकडाचा तुकडा घेतेस तसा घे. जड कुठे लागतो? गरम कुठे होतो?"

"खालून जड आहे. बॅटरी असणार."

"मग झालं तर. सुतार फळीची गाठ बघून कापतो. आपण हे वजन बघून बनवू."

आठ दिवसांत लाकडी ठोकळा तयार झाला, पोटात फोन. जड बाजू खाली धरून उभा केला की मामाला फोन लागायचा, वर केली की आमच्या घरी.

शेवटचं पॉलिश माझ्याकडे होतं. मला कुठलं राहवतंय. ठोकळा एकीकडे कलतो, बरं दिसत नाही, म्हणून हलक्या बाजूला आतून दोन नट चिकटवले. अगदी तराजूसारखा समतोल. कुणाला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मामासाठी तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा आईने उचलला. चौथ्यांदा त्यांनी ठोकळा कपाटात ठेवला. "राहू दे गं. माझंच डोकं चालेनासं झालंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाला खरं सांगून टाकलं.

"अगं शहाणे," तो म्हणाला, "त्यांच्या हाताला असलेली एकुलती एक खूण तूच पुसलीस की."

नट काढले. आजोबांनी ठोकळा तळहातावर तोलला. "हां. इकडे पोरगा, इकडे नात."

आता मी दहावीत आहे. मामा नोकरीसाठी लांब गेला, वर्कशॉपच्या जागी चपलांचं दुकान आलं. तिथून जाताना मला अजून लाकडाच्या भुशाचा वास येतो, खरंच येतो. गेल्या महिन्यात ठोकळ्यातली बॅटरी फुगली. नवा फोन बसवला तर तो पिसासारखा हलका. कंपासपेटीत जपलेले ते दोन नट काढले आणि या वेळी मामाच्या बाजूला चिकटवले. घरच्या नंबराच्या जागी माझा नंबर घातला.

आजोबांनी तोलून पाहिला, जड बाजू वर केली. त्यांच्यासमोरच माझा फोन वाजला.

"बोला आजोबा."

"काही नाही गं. माझा मला लागतोय ना, ते बघत होतो."