थंड उतारावरची फिकट लाल वाइन

मित्रांनो, माझ्या पायाचा एक टवका उडालेला आहे. तो आधीच बघून घ्या, म्हणजे पुन्हा पुन्हा तिकडे नजर जाणार नाही. मी वाइन पिण्याचा एक जुना ग्लास आहे. पोट गोल, तोंड जरा आवळलेले आणि पाय बगळ्यासारखा बारीक. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या एका कारागिराने फुंकर मारून मला फुगवले. आम्ही सहा भावंडे होतो. आता मी एकटाच उरलो आहे.

आम्हाला विकत घेतले आत्याने. तिला भाची एकच, पण सगळा गाव तिला आत्याच म्हणायचा. थंड टेकडीच्या उतारावर तिचा आणि तिच्या दादाचा सामाईक द्राक्षमळा होता. तिथे उन्हाळा आला तरी घाईतल्या पाहुण्यासारखा, चपला न काढताच परत जायचा. अशा थंडीत द्राक्षे सावकाश पिकतात. साल पातळ राहते आणि आंबटपणा टिकून राहतो. त्या द्राक्षांची वाइन माझ्यात ओतली की पलीकडचे बोट दिसायचे, इतकी फिकट. वास आंबट चेरीचा, थोडा ओल्या पाचोळ्याचा.

आत्याला तिचा फार अभिमान. "चांगल्या वाइनला कुबड्या लागत नाहीत," असे ती म्हणायची. गिऱ्हाईक आले की त्याला तळघरात उभे करायची आणि पिंपातली गारढोण वाइन नुसतीच पाजायची. सोबत पावाचा तुकडासुद्धा नाही. त्या गारठ्यात वाइनचा सुगंध माझ्या तळाशी अंग चोरून बसायचा आणि आंबटपणा तेवढा पुढे धावायचा. मला सारे कळत होते, पण काचेला वाचा कुठली?

शहरातला एक हॉटेलवाला दरवर्षी यायचा. माणूस वाईट नव्हता. एका वर्षी त्याने घोट घेतला, मला जपून खाली ठेवले आणि म्हणाला, "आत्या, खोटं कशाला बोलू? आंबट लागते, आणि मागे काही उरतच नाही हो."

दादा दारातच उभा होता. "बास झालं आता," तो म्हणाला. "वेली उपटू आणि सफरचंदं लावू."

आत्याने मला उचलले आणि नळाखाली धरले. धुताना तिने मला जरा जोरातच फिरवले आणि माझा पाय नळावर आपटला. टवका उडाला तो तेव्हा. मग तिने मला फळीवर मागे सरकवले. पुढे माझ्यात रबरबँड आले, सुया आल्या, एक तुटके बटण आले.

खालच्या ओळी उपटायला सुरुवात झाली, तेव्हा दादाची मुलगी रजा काढून आली. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. ओट्यावर वाइनची अर्धी बाटली होती. तिने मला रिकामे केले, घासूनपुसून लख्ख केले आणि माझ्यात थोडी वाइन घेतली. कढईत लोण्यावर मशरूम परतत होते. तिने एक तोंडात टाकले, वर एक घोट घेतला आणि गॅसच बंद केला.

"आत्या, अगं इकडे ये! आधी हे खा, मग पी."

आत्या कुरकुरत आली. खाल्ले, प्यायली आणि स्टुलावर बसलीच.

"ही माझीच?"

"तुझीच. तू बिचारीला गारठ्यात उपाशी उभी करतेस. मग ती कोणाशी हसून बोलणार?"

पुढचे चार दिवस मला उसंत नव्हती. तिखट मसाल्याच्या मटणापुढे वाइन पार दबून गेली. भाजलेल्या बदकाची चरबी मात्र तिच्या आंबटपणाने अशी कापली, की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागावा. भाजलेल्या बिटाशी तिचे जमले, मसुरीशी जमले, मऊ चीजशी जमले. लाल वाइन माशाबरोबर चालत नाही म्हणतात, पण गुलाबी मांसाच्या माशाशी तर तिची गट्टीच झाली.

मग आत्याने फोन उचलला.

"मी चुकले," ती हॉटेलवाल्याला म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. "परत या. या खेपेला जेवायलाच या."

तो आला. दादाही हात धुऊन मुकाट्याने पानावर बसला. हॉटेलवाला मान खाली घालून जेवत राहिला. मग त्याने मला पुढे केले. "आणखी आहे का?"

"बदक की वाइन?"

"दोन्ही!"

जाताना त्याने बदकाच्या पदार्थासोबत द्यायला म्हणून वाइनची मागणी नोंदवली. खालच्या चार ओळी तोवर गेल्या होत्या. त्या काही परत आल्या नाहीत. दादा खिडकीतून उताराकडे बघत राहिला. "वरच्या राहू देत," एवढेच बोलला आणि बदकाचा शेवटचा तुकडा त्याने आत्याच्या ताटात वाढला.

मित्रांनो, तुम्ही लहान असाल तर माझ्यात सरबत ओता, मला चालते. पण मला हाताने धुवा आणि पायाला धरा. आणि कोणी तुम्हाला फिके, आंबट वाटले, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा त्याचा शेजार बदलून बघा.

आत्या आता कोणालाही तळघरात नेत नाही. दारात माणूस दिसला की आधी विचारते, "जेवलात का?"