पावसाची सावली

धुळाच्या अभ्यासाने आमच्या चाळीचे कान किटले होते. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, त्याची आई मायाक्का घरी येऊन चुलीपुढे बसली, की हा सुरू! इतिहास, भूगोल, सगळं इंग्रजीतून आणि टिपेच्या आवाजात. मी शेजारी, मध्ये नुसता पत्रा. पेपर वाचायची सोय राहिली नव्हती.

मायाक्काला मात्र तो आवाज हवा असे. तिला अक्षर येत नव्हतं. भाकरी थापताना पाठीमागून आवाज आला की पोरगा अभ्यास करतोय, एवढंच तिला कळे. धुळाला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. बाप भिमा गावाकडे, वळसंगला मेंढरं राखायचा. त्याने बजावलं होतं, यंदा मॅट्रिकचा फॉर्म भरला तर ठीक, नाहीतर काठी घेऊन कळपामागे यायचं.

आणि फॉर्मसाठी जी शाळेची चाचणी पास व्हावी लागते, तिच्यातच भूगोलात धुळा आपटला. पाठ सगळं होतं, पण प्रश्न आला धड्याच्या मधला, आणि ह्याला पहिल्या ओळीपासून म्हटल्याशिवाय पुढचं आठवेना. पुटपुटायला लागला, तर मास्तरांनी दटावलं. तोंड बंद झालं आणि भूगोलही बंद पडला.

गुरुबसप्पा मास्तर कडक, पण पोरांवर जीव असलेले. म्हणाले, "दिवाळीनंतर पुन्हा पेपर देतो. तोवर ओठ मिटून वाच. कॉलेजात तुला कोण घोकू देणार?"

पत्र्यापलीकडे शांतता झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मायाक्काचा मात्र जीव खालीवर होत होता. दोन-चार दिवस तिने कळ काढली. मग एका संध्याकाळी पीठ काटवटीत तसंच टाकून उठली.

"अभ्यास सोडलास व्हय रं?"

"वाचतोय की, आये. मनात."

"मनात? मनात मी बी रोज गिरणीची मालकीण हुते! उद्या गावचा कोंडीबा वळसंगला चाललाय. तुज्या बापाला सांगावा धाडते, घिऊन जा म्हणावं पोराला."

धुळाचं धाबं दणाणलं. "थांब आये. काय वाचलं ते सांगतो."

"सांग की."

त्याने घडाघडा इंग्रजी म्हटलं.

"आपल्या बोलीत सांग."

इथे गडी अडला. धडा पाठ होता, पण त्यात काय म्हटलंय हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. पुन्हा पुस्तकात डोकं घालून बसला. मायाक्काही जागची हलली नाही.

"समुद्रावरनं ढग येत्यात," तो चाचरत म्हणाला.

"मग?"

"घाटाला अडत्यात. वर चढत्यात, गार पडत्यात, तितंच रिकामी हुत्यात."

"मग आपल्याकडं?"

"आपुन डोंगराच्या अलीकडं. पावसाच्या सावलीत."

मायाक्का भडकली. "सावली म्हंत्यात ह्येला? सावलीत मेंढरू बसतं, त्येचा जीव गार हुतो. ह्या मेल्या सावलीनं आमी मेंढरं घिऊन रानोमाळ फिरतोय!"

"आये, उनाच्या आड झाड आलं की सावली पडती न्हवं? तसा पावसाच्या आड डोंगर आला."

तिने काटवट पुढे ओढली. "व्हय की," म्हणाली. "उद्या फुडचं सांग."

सांगावा राहिला. पुढे रोजचा परिपाठच पडला. आधी गुपचूप वाचायचं, मग आईला आपल्या बोलीत सांगायचं. नीट कळेपर्यंत तिचं "मग?" काही सुटत नसे. मीही पेपर घडी करून ऐकायचो. म्हातारपणी मला फुकटात भूगोल आला.

दिवाळीनंतरच्या पेपरात झाडाच्या सावलीचा तो दाखला वाचून मास्तरांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं रे?"

"आयेला सांगितल्यालं हाय, मास्तर."

फॉर्म भरला गेला. धुळा मॅट्रिक झाला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुण्याला गेला.

त्या संध्याकाळी भोंगा झाला, मायाक्का चुलीपुढे बसली. पलीकडून चकार शब्द येत नव्हता. मला काही करमेना. बिचारी एकटी पडली असेल, म्हणून पत्र्याआडून हाक दिली, "मायाक्का, आज लई गप गप वाटतंय."

"हळू बोला जरा," ती दटावून म्हणाली. "वाचत असंल त्यो."