फितीचं टोक

सातव्या दिवशी, दुसऱ्या फेरीत, नेझूच्या हातून फीत सुटली. सुटली हे त्याला कळलंच नाही. कळलं ते समोरच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या उएगाकीचा खंजिरीवरचा हात चुकला तेव्हा.

नेझू तादाओमी त्रेसष्ट वर्षांचा होता. गोदीत जहाजांच्या जोडकामाची तपासणी करण्यात त्याची नोकरी सरली होती. चिदोरी थिएटरला तो अकरा वर्षं येत होता, पण खुर्चीत मात्र बसत नसे. डाव्या भिंतीला पाठ टेकून उभा राही. तिथल्या नर्तकीचा, मिओचा, नाच संपत आला, अंगावरचं शेवटचं वस्त्र उतरलं, की ती पुढच्या गोल चौथऱ्यावर येऊन एक पाय उचलून पाठीची कमान करून थांबायची. चौथरा सावकाश फिरायचा. तेवढ्यात नेझूच्या हातातून चार रुपेरी फिती उलगडत तिच्या डोक्यावरून जात, हवेत एक क्षण थांबत, आणि तिच्या अंगाला लागायच्या आत तो त्या ओढून घेई. याचे पैसे कोणी देत नाही. हे गिऱ्हाइकांनीच करायचं काम, आणि ज्याला जमतं त्यालाच बाकीचे ते करू देतात.

त्या दिवशी तीन फिती परत आल्या. चौथी मिओच्या गुडघ्यापाशी पडून राहिली. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या हालचालीत पायाच्या अंगठ्याने ती अलगद चौथऱ्याखाली सारली. खुर्च्यांवरच्या लोकांना तो नाचाचाच भाग वाटला.

मधल्या सुट्टीत उएगाकी जवळ आला. त्याचं केशकर्तनालय होतं, ते आता मुलगा चालवायचा.

"काय हो नेझू-सान, जाळं टाकून मासे धरताय का?"

"हाताला घाम आला होता."

"डिसेंबरात?" उएगाकी हसला. "वय झालं म्हणा की सरळ. माझे दात गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं. कोणी काही देत नाही, पण सांगितलं."

नेझू फिती गुंडाळत राहिला. प्रत्येक फेरीनंतर त्या पुन्हा घट्ट गुंडाळाव्या लागतात. सैल राहिली तर फीत हवेत उलगडत नाही, गोळा होऊन पडते. हे काम तो आता नजरेने करायचा. वसंतात आतड्याचा कर्करोग काढला, मग औषधांची आठ आवर्तनं झाली, आणि त्यानंतर दोन्ही हातांची बोटं गेली. म्हणजे होती जागच्या जागी, हलायचीही. पण त्यांच्यातून काही येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नसा वर्षभरात परत येतील, कदाचित येणारही नाहीत. नेझू "बरं" म्हणाला, घरी गेला आणि उदोनच्या शेवया उकळून खाल्ल्या. वाईट वाटेल म्हणून तो काही दिवस वाट पाहत होता. वाटलं नाही. हातांसारखंच काहीतरी आतही झालं असावं, असा त्याने निष्कर्ष काढला आणि विषय संपवला.

फक्त एक गोष्ट त्याला हवी होती. हे दहा दिवस मिओचे शेवटचे होते. दहाव्या दिवसाची चौथी फेरी झाली की ती पुन्हा कुठल्याच रंगमंचावर चढणार नव्हती. त्या फेरीत फीत त्याला टाकायची होती.

"इथे बसू का?" शिओतानीने विचारलं. चौतीस वर्षांची बाई, एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. चार महिने येत होती. पहिल्याच दिवशी तिने नेझूला गाठून विचारलं होतं, "तिकीट पुरेपूर वसूल करायचं तर काय करायचं?" असं इतक्या सरळ कोणी विचारत नाही, म्हणून त्यानेही सरळ उत्तर दिलं होतं.

"समोर मधोमध बसू नका. तिथे नवखे बसतात आणि मान मोडून घेतात. डावीकडची तिसरी खुर्ची धरा. ती थांबते तेव्हा तोंड तिकडे येतं."

"आणि टाळ्या?"

"दुसऱ्या ठोक्यावर. हात छातीपाशी, आवाज बेताचा. संथ गाणं लागलं की बंद. ती तुमच्याकडे पाहील तेव्हा मान खाली घालू नका. पुरुष घालतात. मग तिला रिकाम्या खुर्चीपुढे नाचावं लागतं."

"नाचानंतर तिचे फोटो काढायच्या रांगेत काय बोलू?"

"आजच्या नाचाबद्दल एक वाक्य. तिच्याबद्दल नाही. सुंदर दिसता हे तिला रोज चाळीस जण सांगतात."

"आणि तुम्ही काय बघता?"

"डावा खांदा. खांद्याचं हाड खाली आलं की दीड ठोका मोजायचा आणि फेकायचं."

"आणि चेहरा?"

"चेहऱ्याचं मला काम नसतं."

हे सगळं तिने वहीत लिहून घेतलं होतं. आज तिने त्याच्याकडे पाहिलं आणि वही उघडली नाही.

"नेझू-सान, तो डबा खाली ठेवा."

पैसे टाकायच्या यंत्रातून काढलेला कॉफीचा गरम डबा नेझूने मुठीत धरला होता. इतर लोक असा गरम डबा बाहीत गुंडाळून धरतात, नाहीतर या हातातून त्या हातात फेकत राहतात. त्याने डबा ठेवला. तळहात उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ऑक्टोबर."

"तरी फेकताय?"

"फेकणं खांद्यातून होतं. ते जमतं. टोक धरून ठेवणं बोटांचं काम आहे."

"टोक मनगटाला बांधा."

"टोक बांधायचं नसतं. फीत तिच्या टाचेत अडकली तर टोक सुटलंच पाहिजे, नाहीतर फिरत्या चौथऱ्यावरून ती खाली येईल. घट्ट धरायचं आणि लागलीच तर सोडायचं. दोन्ही बोटांनाच कळायला हवं."

"मला शिकवा," शिओतानी म्हणाली. "तुमच्याऐवजी म्हणून नाही. नुसतं शिकवा."

पुढचे दोन दिवस दार उघडण्याआधी ते नदीच्या बांधावर भेटले. तिच्या हातांना सवय होती. मेणाच्या दातावरचा केसाएवढा उंचवटा तिला बोटाने कळायचा. पहिल्या दिवशी फिती तिच्याच डोक्यात पडल्या. एक कुत्रा घेऊन चाललेले आजोबा थांबून म्हणाले, "पतंग वर उडवायचा असतो, पोरी." दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळेपर्यंत तिच्या फिती एका रेषेत जायला लागल्या.

दहाव्या दिवशी सकाळी नेझू एकटाच बांधावर गेला. कठड्याच्या खांबाला मिओ मानून त्याने दहा वेळा फिती फेकल्या. डोळे बोटांवरून हलवले नाहीत. सात वेळा सगळ्या परत आल्या. तीन वेळा एखादी सुटली. दहात सात. चौथ्या फेरीत दोनदा फेकायचं होतं. म्हणजे दोन्ही वेळा धड जाण्याची शक्यता निम्म्याहून कमी. गोदीत इतका कच्चा जोड त्याने कधी पास केला नव्हता. त्याने फिती गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या आणि थिएटरकडे निघाला.

त्या दिवशीच्या पहिल्या तीन फेऱ्या उजव्या भिंतीपाशी फिती टाकणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने एकट्याने सांभाळल्या. नेझू बाहेर बाकावर बसून राहिला. चौथीच्या आधी त्याने पिशवी शिओतानीच्या हातात दिली.

"डावी भिंत तुमची."

उएगाकीने खंजिरी काखेत मारली. "अहो, शेवटची फेरी आहे! वेड लागलं का? कवळीवालीच्या हाती देताय?"

"तुमची कवळी नीट बसते ना? मग गप्प बसा."

"नेझू-सान," शिओतानी हळूच म्हणाली, "तुम्हाला चालेल ना?"

"दीड ठोका," नेझू म्हणाला. "घाई करू नका."

डावीकडची तिसरी खुर्ची त्याच्यासाठी कोणीतरी रिकामी ठेवली होती. त्यावर हातरुमाल होता. तो उएगाकीचा होता, हे त्याच्या कडेच्या कैचीच्या भरतकामावरून कळलं.

मिओ आली. नेझूने दुसऱ्या ठोक्यावर टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकू येत होता, म्हणजे हात एकमेकांवर पडत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिला पूर्ण पाहिलं. उजव्या गुडघ्यावर जुना व्रण होता. वळताना ती ओठ किंचित आवळायची. त्याला वाटलं होतं, इथे बसल्यावर काहीतरी उसळून येईल. तसं काही झालं नाही. तो तपासणीला बसल्यासारखा पाहत राहिला.

संथ गाणं लागलं. टाळ्या थांबल्या. मिओ चौथऱ्यावर आली, पाय उचलला, पाठ वाकवली. खांद्याचं हाड खाली आलं. तिचं तोंड डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीकडे होतं आणि ओठ हलत होते. एक. आणि अर्धा.

ती मोजत होती.

फीत आली की तिला पुढे जायचं होतं. इतकी वर्षं तो तिच्या खांद्याची वाट पाहायचा आणि ती त्याच्या फितीची. हे भिंतीपाशी उभं राहून दिसायला मार्ग नव्हता. आज फीत आली नाही. मिओ थांबून राहिली, मांडी थरथरायला लागली. मग डावीकडून चार फिती आल्या, अर्धा ठोका उशिरा, पण सरळ. हवेत थांबल्या. परत गेल्या. चारही. दुसऱ्या वेळी बरोबर दीड ठोक्यावर आल्या.

फोटोची रांग दारापर्यंत गेली होती. अंगात साधा सुती किमोनो घालून मिओ चौथऱ्याच्या कडेला बसली होती. नेझूची पाळी आली. त्याने कॅमेऱ्याचं बटण पाहून दाबलं.

"डावीकडे आज कोण होतं?" तिने विचारलं.

"शिओतानी-सान."

"पहिली उशिरा आली."

"हो. शिकेल."

"शिकून काय करणार, मी तर चालले." ती हसली. "तुम्ही कुठे होतात?"

"तिसऱ्या खुर्चीत."

"कसं दिसतं तिथून?"

आजच्या नाचाबद्दल एक वाक्य. "तुम्ही मोजता, ते दिसतं," तो म्हणाला.

मिओने हात पुढे केला. शेवटच्या दिवशी सगळ्यांशीच ती हात मिळवत होती. नेझूने आपला हात दिला. तिची बोटं त्याच्या बोटांभोवती मिटलेली त्याला दिसली. मागे रांग खोळंबली होती, म्हणून तो आपल्या हाताकडे नीट पाहत राहिला, तिने सोडलं की कळावं म्हणून.