पोचा गेलेला डबा

मित्रांनो, माझ्या पोटाला पूर्वी एक खोल पोचा होता. त्याचं मोल मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा सांगायला मला तोंड नव्हतं.

मी मका मोजायचा जुना पत्र्याचा डबा आहे. उरुग्वेत, दुराज्नो गावाबाहेर, एवारिस्तो आजोबा प्रदर्शनाचे वळू सांभाळतात. तेलाचा रिकामा डबा कापून, तारेची मूठ लावून त्यांनी मला घडवलं. पहिल्याच वर्षी एका घोडीने मला अशी लाथ घातली, की माझी एक बाजू पार आत गेली. आजोबा म्हणाले, "राहू दे. मका सांडत नाही ना, मग झालं."

तेव्हापासून वीस वर्षं एकच नेम. आधी सुकं गवत, मग भरडलेला मका: सकाळी चार डबे, संध्याकाळी चार. आमच्या वळूंनी बक्षिसाच्या कितीतरी फिती जिंकल्या. एका विजेत्याशेजारी माझाही फोटो आहे. अर्धाच आलोय, पण आलोय.

यंदा आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. लुसेरो हा त्यांचा शेवटचा वळू. त्याला रिंगणात न्यायचं काम सोळा वर्षांच्या नातीकडे, फ्लोरिंदाकडे आलं. आमच्याकडे प्रदर्शनात नुसता वळू चमकून भागत नाही. बादल्या, पेट्या, सगळं घरच्या रंगात रंगवून मांडतात. फ्लोरिंदाने मला उचललं आणि म्हणाली, "तू काय असा पोट खपाटीला गेल्यासारखा येणार का लोकांसमोर?" लाकडी हातोडीने तिने पोचा ठोकून काढला, हिरवा रंग दिला. मी इतका खूश होतो, की माझ्यात आता मका जास्त मावतो हे मला पहिल्या दिवशी सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सुचलं. तेव्हा आम्ही प्रदर्शनाच्या गोठ्यात होतो. ती मला काठोकाठ भरायची, प्रेमाने, मोजून, चार वेळा. मी काय करणार? मूठ तिच्या हातात होती.

पाचव्या दिवशी लुसेरोने रवंथ थांबवलं. शेण पातळ झालं, त्याला आंबूस वास येऊ लागला. बरगड्यांमागची डावी भकाळी फुगून वर आली. शेजारच्या दावणीच्या निल्दा मावशी म्हणाल्या, "काय गं, लग्नाचं जेवण घातलंस की काय याला?"

"आजोबा घालतात तेवढंच, मावशी. चार डबे. एक दाणा जास्त नाही."

ती खरंच बोलत होती. तेच तर वाईट होतं.

गुरांच्या डॉक्टरांनी नळी घालून वायू काढला, मका बंद केला. "नुसतं सुकं गवत, तेही थोडं थोडं. उद्या रिंगण विसर." फ्लोरिंदाने आजोबांना फोन लावला.

"डबा कुठला घेतलास?" त्यांनी विचारलं.

"आपलाच. फक्त पोचा काढला."

 मग आजोबा हळूच म्हणाले, "पोरी, त्या पोच्यात पाव डबा जागा जात होती."

"मग सांगितलं का नाही?"

"माझ्या तरी कुठे ध्यानात होतं. वीस वर्षं मी पोच्यासकट मोजतोय."

सकाळी भोंग्यावरून लुसेरोचा क्रमांक तीनदा पुकारला गेला. फ्लोरिंदा त्याच्या पोटाला कान लावून बसली होती. ती उठली नाही. टाळ्या दुसऱ्या कुणासाठी वाजल्या. बऱ्याच वेळाने लुसेरोच्या गळ्यातून एक घास वर आला आणि त्याचा जबडा हलला. एकदाच. मग पुन्हा. तेव्हा ती रडली.

आता माझ्या आत तिने खिळ्याने एक रेघ ओढली आहे. तराजूवर मका तोलून; पोच्याच्या काळात मावायचा तितकाच तिथवर भरतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर घासा, रंगवा, आम्हाला आवडतं. फक्त आमचं व्यंग दूर करण्याआधी, ते कुणाच्या पोटाला सांभाळतंय एवढं बघा. आम्हाला सांगता येत नाही. लुसेरोलाही येत नव्हतं.