मागितली तरच उतरणारी फाइल

बायको गेली आणि तपासणीसाने काय केलं, तर तक्ता आखला. रडला नाही, अंथरूण धरलं नाही, तक्ता आखला. कारखान्यात बेअरिंगं तपासण्यात तीस वर्षं घातलेला माणूस तो, दुसरं करणार तरी काय?

निमित्त खरं होतं. बायकोचे फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग, मिळून सहा हजार फाइली एका कंपनीच्या सर्व्हरवर होत्या. ती गेल्याचं कळवल्यावर कंपनीचं उत्तर आलं, नव्वद दिवसांत खातं बंद होईल, हवं ते उतरवून घ्या. तिच्या फाइली आता परक्याच्या दारात ठेवायच्या नाहीत, असं त्याने ठरवलं. घरातल्या जुन्या कंप्युटरचा सर्व्हर करायचा आणि त्यावर ओपन सोर्स प्रोग्रॅम चालवायचा, ज्याच्या पोटात काय आहे ते कोणालाही बघता येतं. लेक दुसऱ्या गावी, तिच्या लॅपटॉपवर जागा एवढीशी. नावं सगळी दिसावीत, पण टिचकी मारू तीच फाइल उतरावी, एवढीच तिची अट.

असे प्रोग्रॅम चार निघाले. तपासणीस हात धुऊन त्यांच्या मागे लागला. रिकाम्या फाइली बनवल्या, उतरताना मध्येच वायर उपटली, सेकंद मोजले. नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर फाइल नुसती नावाला, आत काही नाही, हे ठळक लिहून ठेवलं. पहिला प्रोग्रॅम मोबाइलवर रुसायचा. दुसरा न मागता सगळंच उतरवून बसायचा. तिसरा मराठी नावांचे चौकोन करायचा. लेक फोनवर विचारायची, झालं का बाबा? तपासतोय, म्हणायचा.

खरं सांगू? तपासणं संपलं की फाइली घ्यायला बायकोचा लॅपटॉप उघडावा लागणार होता, म्हणून हे भिजत घोंगडं. तो त्याने एकदाच उघडला होता. नावांची रांग दिसली, सगळं आहे म्हणाला आणि झाकण लावलं. आत काही हललं नाही. जेवताना नाही, दाढी करताना नाही, तसंच तेव्हाही नाही. फाइली घरातच आहेत म्हटल्यावर नव्वद दिवसांची घाईही त्याला उरली नाही.

शंभराव्या दिवशी चौथा प्रोग्रॅम पास झाला. दुपारी त्याने लॅपटॉप उघडला आणि अख्खं फोल्डर नव्या सर्व्हरवर टाकलं. अकरा फाइली पोहोचल्या. बाकी सगळ्यांवर एकच ओळ, फाइल मिळत नाही.

बायकोच्या लॅपटॉपवरही तीच सोय होती हो! नावं घरात, ऐवज कंपनीकडे, आणि ते दार दहा दिवसांपूर्वीच बंद झालेलं. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक नावाशेजारी ढग होता. ढग म्हणजे काय हे या माणसाइतकं कोणाला पाठ होतं? पण बघायलाच तयार नव्हता, तर दिसणार कसा?

त्याने लेकीला फोन लावला आणि रिपोर्ट वाचावा तसं सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, उरलेल्या अकरा कसल्या?

“‘पुरावा एक’ ते ‘पुरावा अकरा’,” तो म्हणाला. “माझं घोरणं. मी कबूल करत नव्हतो, म्हणून तिने रेकॉर्ड करून ठेवलं होतं.”

“नेमकं तेच कसं उरलं?”

“तिने उघडलेल्या तेवढ्याच लॅपटॉपवर उतरल्या.” त्याने तारखा पाहिल्या. “सगळ्या हॉस्पिटलात असताना उघडल्यात. शेवटची, गेली त्याच्या आदल्या दिवशी.”

लेक म्हणाली, “बाबा, आई मला सांगायची, इथे झोप लागत नाही, फार शांत आहे.”

हे बायकोने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला तर म्हणायची, छान झोपते, तुम्ही घरी जा.

फोन ठेवून त्याने पहिली फाइल लावली. चार मिनिटं त्याचंच घोरणं. शेवटी, बटण दाबण्याआधी, तिचं दाबून धरलेलं हसू. ती आता नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.