गादीवाल्याच्या श्वासनळीतला टाका

मी एक जुना ग्राही आहे. जुना म्हणजे दोन दिवसांचा. पण मित्रांनो, आमच्या कुळात एवढ्यातच म्हातारपण येते. ग्राही म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात बसलेले प्रथिन. बाहेरचा निरोप घ्यायचा आणि आत पोचवायचा, हे आमचे काम.

माझे घर एका गादीवाल्याच्या श्वासनळीत, तिथल्या स्नायूच्या पेशीवर आहे. तो दाभणाने गादीतून दोरा आरपार ओवतो ना, तसा मी त्या आवरणातून सात वेळा ओवलेला आहे. कापसाच्या धुळीने नळी आवळली की तो दम्याचा निळा पंप तोंडाने ओढतो. औषध मला येऊन बिलगते, मी आत सांगतो, "सैल हो!" आणि स्नायू सैल होतो. काल सकाळी तो म्हणाला, "वा! छाती कशी मोकळी झाली!" ती शाबासकी माझी होती.

त्याच्याकडे दुसराही पंप आहे, रोज घ्यायचा. तो नळीची सूज उतरवतो आणि आमच्यासारखे नवे ग्राही घडवायला पेशीला मदत करतो.

"बाबा, रोजचा पंप घेतलात?" मुलीने कालही विचारले.

"अगं, तो ओढला काय नि न ओढला काय, काही कळतच नाही. हा निळा बघ, लगेच गुण!"

"दिवसातून दहादा? छातीत कापूस कोंबलाय का? थांबा, पिंजूनच काढते!"

तो हसला. हसता हसता खोकला, आणि पुन्हा निळा पंप ओढला.

इथेच त्याचे चुकले. उठल्यासुटल्या हाक आली की पेशी आमचे ऐकेनाशी होते. मग एकेकाला आत ओढून मोडीत काढते. माझ्या डावीकडचा गेला, उजवीकडचा गेला. त्यांच्या जागी फारच थोडे नवे आले.

आज दुपारी पिंजणयंत्र सुरू असताना नळी गच्च आवळली. त्याने पंप एकदा ओढला. दोनदा. चारदा. मी जिवाच्या आकांताने "सैल हो" म्हणत होतो. आत कोणी ऐकत नव्हते.

"बाबा, बोला ना! अहो, ते यंत्र बंद करा कोणीतरी! गाडी बोलवा!"

त्याला बोलता येत नव्हते.

आता पेशी मलाही आत ओढते आहे. गाडी वेळेवर आली का, हे मला कळणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला रोजचा पंप दिला असेल, तर रोज विचारा. रागावले तरी विचारा. या मुलीने विचारले होते. डॉक्टरांना दाखवायला म्हणून ती आत्ता दोन्ही पंप बाबांच्या छातीवरच्या खिशात कोंबते आहे. त्यातल्या एकाचे वेष्टन अजून फाडलेलेही नाही.