माझ्या खणात लपवलेली पोत

सांगा बरं, एखाद्या बाईच्या नुसत्या मनात जे चालतं, तेवढ्यावर कादंबरी होत नाही का?

मी सिंदी रेल्वे या गावातली एक शिलाई मशीन बोलतेय. नंदिनीच्या लग्नात मी तिच्या माहेरून आले. गावाची झंपरं, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, सगळं शिवलं. दुपारी काम आटोपलं की नंदिनी माझं डोकं खाली दुमडायची आणि वरच्या फळीवर कागद ठेवून लिहायची.

कादंबरी तिच्या मोठ्या जावेवर, देवकाबाईंवर होती. नवरा, मधुकरराव, कापसाच्या बाजारातून आले की देवकाबाई त्यांचं ताट वाढत. "तू जेवली काय?" एवढं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ह्या रोज त्या प्रश्नाची वाट पाहत. मनात कधी राग, कधी सवय, कधी नुसती माया. हे त्यांनीच नंदिनीला सांगितलं होतं. "लिही," म्हणाल्या होत्या, "पण खरं लिहिजो."

महिला मंडळाच्या रक्षाबाईंनी पानं चाळून तोंड वाकडं केलं. "काऊन वो नंदिनीताई, यात काही घडूनच नाई राह्यलं! बाई वाढते अन् बसते. एखादी चोरी टाका, भानगड टाका!"

नंदिनीने चोरी टाकली. कादंबरीतली जाऊ सासूची सोन्याची पोत चोरते आणि शिलाई मशीनच्या खणात लपवते. माझ्या खणात रिळं आणि खडूखेरीज कधी काही नव्हतं हो.

मंडळ आमच्याच घरी, बैठकीच्या खोलीत जमलं. नंदिनीने वाचलं, टाळ्या पडल्या. "आता झाली कादंबरी!" रक्षाबाई म्हणाल्या. सांगायला लाज वाटते, पण मीही फुशारले. गोष्टीत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. मग कुणीतरी हसत विचारलं, "देवकाबाई, खरंच काय वो?" साऱ्याजणी वळून माझ्या खणाकडे पाहू लागल्या. जमिनीत जावंसं वाटलं मला.

बायका गेल्यावर देवकाबाई म्हणाल्या, "मी चोट्टी कधी झाली वं?"

"बाई, ते खरं नाई. गोष्टीले लागते तसं."

"मनातलं सारं तुले सांगतलं. ते कमी पडलं काय?"

नंदिनीने ते पान तिथंच फाडलं. पण ऐकणाऱ्यांच्या कानांतून ते कसं उसवणार? लिहिणाऱ्यांनो, जिच्या मनात एवढं चाललंय, तिच्या हाती चोरीचा माल देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाईंनी घरच्या दागिन्यांच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेतून काढून माझ्या फळीवर ठेवल्या आणि चहा मांडायला आत गेल्या.